बेबाबाईची भिंत

दारूनं नाही कापत हात. वयानं कापतो. अक्षर वाकडं आलं म्हणून डोकं वाकडं, असं उद्या कोर्टात कोणी म्हणू नये. मी पितांबर वना रंगारी, राहणार मेहरूण, जळगाव. हे मृत्युपत्र लिहिताना पुरता शुद्धीत आहे, कोणाच्या दाबात नाही. वकील मीच नको म्हटला, तो ओळीओळीला 'सदरहू' घालतो.

घर माझ्या बायकोचं, बेबाबाईचं. ती आहे तोवर वाटणीचं नाव काढू नये. तिच्यामागं मुलगा गिरधर याचं.

बारीक कुंचले गिरधरला. त्याची रेघ केसासारखी आहे. माझीही होती. लग्नघरांच्या दारांवर हत्ती काढायचो, झुलीची टिकली न् टिकली वेगळी दिसायची. आता जवळचं दिसत नाही, कुंचला थरथरतो, म्हणून चिंधीनं आणि अंगठ्यानं रंग लावतो. लग्नासाठी दार रंगवून घेताना सुरेशचंद शेठ म्हणाले, "नाना, हा हत्ती का ढग?" त्यांनी मागितली तरी माझी शिडी देऊ नये. शिडी शेजारच्या जीवरामला.

रंग घोटायचा दगड धुळ्याच्या लीलाधर ड्रॉइंग मास्तरांना. त्यांनी इटलीतल्या जुन्या चित्रकाराची छापील चित्रं दाखवली, टिशियन म्हणून. तरुणपणी कापडाची चुणी न् चुणी, म्हातारपणी नुसते फटकारे. "शेवटी शेवटी बोटांनीच रंगवायचा, नाना." मी म्हटलं, "चष्मा नसेल मिळाला." पण ते चित्र परत मागून पाहिलं.

आता मुद्द्याचं. माजघराच्या भिंतीवर मी अंगठ्यानं बेबाबाई काढली आहे, भाकरी थापताना, हसताना. आमच्या धंद्यात डोळे शेवटी रेखतात. डोळे नाहीत तर चित्र अपुरं. म्हणून गिरधर सारखा कुंचला घेऊन तिथं जातो. "आबा, डोळे तेवढे रेखून टाकतो." तीही चित्रात डोळे शोधत म्हणाली, "मना डोया कोठे शेतस?" मी म्हटलं, "तू हासस तवय दिसतस का?" ती हसली. हसताना डोळे नाहीच दिसले.

तर लिहून ठेवतो, चित्र पुरं झालं आहे. गिरधर, तुझी रेघ चांगली आहे, दुसऱ्या भिंतीवर ओढ. दिवाळीला चुना मारशील तेव्हा ही भिंत सोड. ओल येऊन पोपडे पडले तर पडू देत. आणि मी गेल्यावर आई तिथं बसली तर बसू दे. उगाच हाका मारू नकोस.

सही: पितांबर वना रंगारी
साक्षीदार: लीलाधर मास्तर, धुळे. जीवराम, शेजारी.
मेहरूण, ता. ११ मार्च १९५८

सही करता करता मास्तर विचारतात, चित्रात वहिनी कशाला हसतायत? ते आमच्या दोघांचं आहे. सांगणार नाही.