मंगलच्या तोंडून सुमन

बुधवार, २२ ऑक्टो.
उपासप्रार्थनेचा दुसरा दिवस. पोटात पाण्याशिवाय काही नाही. तरी लिहायला बसले, कारण हे कुणाला सांगायची सोय नाही.

अंकुशची बायको मंगल, वीस वर्षांची पोर. दुपारी पुन्हा तिचे डोळे फिरले, अंग ताठ झालं. पाळक साहेब आष्टीहून मोटारसायकलवर उन्हात भाजून आलेले, पाणीसुद्धा न घेता थेट तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीसारखंच विचारलं, "नाव सांग! कोन हायस तू?"
आधी नुसते दात वाजले. मग स्वच्छ म्हणाली, "सुमन."

टाळ्या थांबल्या. सुमन म्हणजे अंकुशची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी विहिरीत गेली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सगळे म्हणतात.

मग जो गलका उठला! "येशूच्या नावानं नीघ सुमन, नीघ!" मी मंगलचे पाय धरून बसले होते. माझ्या तोंडून 'नीघ' निघेना. चाळीस वर्षं या प्रार्थनेत बसतेय, असं कधी झालं नव्हतं.

अंकुश दाराशी पाळक साहेबांना सांगत होता, "पुढल्या बुधवारी गाडी हाय. अर्धा कोयता मुकादम नेत न्हाई." नवरा-बायको मिळून एक कोयता, ऊसतोडीचा हिशेबच तसा. म्हणजे मंगल सात दिवसांत बरी व्हायला हवी.

गुरुवार, २३
सकाळी सकाळी अंकुशची आई दारात. चहाही घेतला नाही.
"तुमीच केलं हे बाई. सवतीचा टाक काढला तवापासून पोरगी आशी करती."

खरंय, मीच काढला. मेलेल्या पहिल्या बायकोचा चांदीचा छोटा मुखवटा, दुसरी गळ्यात घालते. आपल्या आधी तिला मान द्यायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. मंगलच्या आईनं घातला होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी म्हटलं, आता याची गरज नाही, प्रभू आहे. कात्रीनं दोरा कापला आणि सिंदफणा नदीच्या पात्रात टाकला. फार शूर वाटलं होतं स्वतःला.

म्हातारीला म्हटलं, टाकात काही नसतं.
ती म्हणाली, "टाकात नसंल. सुमनमदी व्हतं की."
दुपारभर चिडचिड. भांडी आपटली.

शुक्रवार, २४
उपासाचा चौथा दिवस.

आज प्रार्थनेत मंगलनं मान वळवून नेमकं माझ्याकडं बघितलं. "मावशी," म्हणाली, "च्या पाजलास अन् परत धाडलंस."

आमच्या चर्चची अख्खी मंडळी मला बाई म्हणते. मावशी फक्त सुमन म्हणायची. आणि त्या चहाचं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आता लिहूनच टाकते. दोन वर्षं टाळलंय.

भर दुपारी आली होती सुमन. डावा हात कोपरापासून सुजलेला, पदरानं झाकलेला. म्हणाली, "मावशी, मला हितंच ऱ्हाऊ द्या. मी झाडलोट करीन." मी तिला चहा दिला. हाताला प्रार्थनेचं तेल लावलं. आणि म्हटलं, "प्रभूनं वधस्तंभ सोसला, तू नवऱ्याला सोस. प्रार्थनेनं बदलेल तो." तिनं कप विसळून पालथा घातला आणि गेली. आठव्या दिवशी विहीर.

दफनाला "ती प्रभूजवळ आहे" हे मीच म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं.

शनि. २५
उपास सुटला, जेवण जात नाही.

पा. सा. ना म्हटलं, सुमनचा बाप्तिस्मा आपण केला, प्रभुभोजन आपल्या हातून घेतलं तिनं. तिला अशुद्ध आत्मा कसं म्हणू?
"ती न्हाई बाई. सैतान तिचं सोंग घेतो."
"मग त्याला माझ्या घरातलं बोलणं कसं कळलं?"
"त्याला सगळं ठाऊक असतं."

असेल. साहेब माझ्यापेक्षा जास्त शिकलेत, मनानंही चांगले आहेत. पण सैतानाला त्या दुपारचं सगळं ठाऊक होतं, तर तोही तिथंच बसला असणार. कुणाच्या बाजूला बसला होता? मला भीती वाटते. मंगलची नाही. माझी.

रवि. २६
उपासना. साक्ष द्यायची वेळ आली तशी उठले. गुडघे दुखत होते, उठायला वेळ लागला, तेवढ्यात माघार घेता आली असती.

सांगितलं. सुजलेला हात, चहा, मी काय म्हटलं ते, सगळं. म्हटलं, वाईटाशी लढायचं म्हणून आपण सुमनला ओरडतोय. ती जिवंत होती आणि वाईट तिला मारत होतं, तेव्हा मी तिला त्याच्याच घरी पोचवलं. मंडळीच्या वतीनं पोचवलं.

पुरुषांच्या बाजूला अंकुश खाली मान घालून बसला होता. पाळक साहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, सूर लागला नाही.

बाहेर चर्चच्या वडील मंडळींपैकी एकाच्या बायकोनं, लीलाबाईनं, मला बाजूला घेतलं. "बाई, ह्ये चारचौघात काढायचं कावून? हिंदू वस्तीत काय तोंड दाखवायचं आपुन?" मी म्हटलं, जे आहे ते. तोंड फिरवून गेली.

मंगलला घरी घेऊन आले. अंकुश आडवा आला नाही. दोन भाकरी खाल्ल्या तिनं, वर तिसरी अर्धी.

सोम. २७
मंगलला न्हाऊ घातलं. पाठीवर वळ. जुने आहेत, नवे आहेत. मोजले नाहीत.

तिला विचारलं, अंकुश सुमनबद्दल कधी काही बोलला?
"न्हाई. त्यांचं नाव बी काढत न्हाईत घरात."
"तू प्रार्थनेत काय बोललीस, आठवतं?"
"मी बोलले? लई मोठ्यानं बोलले का?" आणि लाजली.

ठाण्यात जाऊ म्हटलं. "नगं बाई. मग ऱ्हायचं कुठं?"

कालपासून एकदाही झटका नाही. पा. सा. चा फोन, आवाजात आनंद मावेना. "सुटका झाली बाई! विजय झाला. पोरगी उसाहून आली की साक्ष देऊ द्या."
मी स्तुती असो म्हटलं. मग फोन ठेवला. सुमन गेली, तर मंगलजवळ राहिलं कोण?

बुध. २९, सकाळ
गाडी फाट्यावर लागलीय. हॉर्न इथपर्यंत येतो.

अंकुश आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा, काखेत बायबल. "चुकलो बाई. प्रार्थना करा अन् धाडा तिला."
म्हटलं, ती आजारी आहे.
"कुठं आजारी? पाळक साहेबच म्हनले, बरी झाली."
विजय आम्हीच जाहीर केलेला.

मंगलला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाली, "जाते मी." आत कपडे बांधतेय.

मी उंबऱ्यावर बसलेय, वही मांडीवर. आज मी जी प्रार्थना केली ती मंडळीला कळली तर मला ठेवणार नाहीत. म्हटलं, सुमन, ये. एकदा ये आणि याच्या तोंडावर नाही म्हण. आली नाही. पोरीचा आवाज तसाच बारीक, शहाणा.

लीलाबाई आली. मला वाटलं समजवायला आली. "सरका की," म्हणाली आणि शेजारी उंबऱ्यावरच बसली. मग तिची सून. मग भगिनी मंडळातली कोपऱ्यावरची म्हातारी, काठी आडवी ठेवून. उंबरा भरला. कुणी गीत म्हणत नाही, कुणी टाळी वाजवत नाही.

"बाई, वाट सोडा," अंकुश अंगणातून. बायबल आता दुसऱ्या हातात घेतलंय.
पुन्हा हॉर्न.

मंगल गाठोडं घेऊन आमच्या पाठीमागं येऊन उभी राहिलीय. तिचा श्वास ऐकू येतो. वळून बघायचा धीर होत नाही. "उठा" म्हणाली नाही अजून.