बांगड्यांचा प्रवेश

विश्रामबाग, सांगली

आये, सोनियाचा नमस्कार.

मी बरी हाय, पोटभर जेवते. फोनवर बोलले तर आवाज कापंल, म्हणून लिवते.

कॉलेजात दुसऱ्या महायुद्धावर नाटक बसवतोय. बर्मात मेलेल्या शिपायाच्या बायकोचं काम माझ्याकडं हाय. काल तालमीत बांगड्या फोडायच्या हुत्या, पण हात उचललाच न्हाई. सरांस्नी सांगितलं, "माझा भाऊ सूरज सीमेवर हाय. मला भ्या वाटतंय."

सर म्हणाले, "मग नको फोडूस. ती हात पदराआड लपवते, असं कर."

तसं केलं, तर समोरच्या पोरी रडल्या. 

तू नाटकाला येऊ नगंस. वैनीलाबी यातलं काय सांगू नगंस.

सूरजदादाचा फोन परवापासून लागत न्हाई. तुला लागला का?

तुझ्या उत्तराकडं डोळं लावून बसलेली,
सोनी