आजोबांच्या पिंजऱ्याचं दार

३ मार्च
“एवढासाच?” — आजही प्राणिसंग्रहालयात आलेली एक बाई म्हणालीच. जगात एकच उरलाय म्हटल्यावर लोकांना काहीतरी भलंमोठं हवं असतं. आणि आमचे आजोबा मुठीएवढे, मातकट, एका डोळ्यात फूल पडलेलं. या जातीचं दुसरं पाखरू आता कुठंच नाही. त्यांची जोडीदारीण, आमची आजी, गेली त्याला दोन हिवाळे झाले.

पण सकाळी मी दार उघडलं, की मान ताठ करून शीळ घालतात. दोन सूर, मध्ये जरासा श्वास. मला बघून! दुसऱ्या कोणासाठी नाही. हे कुणाला सांगत नाही — मिरवल्यासारखं होतं.

७ मार्च
शीळ टिपून घ्यायला माणूस आलाय. जेवतानाही हेडफोन काढत नाही, म्हणून त्याचं नावच हेडफोन पडलं. आजोबांच्या मागे निदान आवाज तरी राहील. पण दर वेळी शिळेच्या आधी दाराची कुरकुर!

“ताई, त्या बिजागरीला तेल घाला ना. नाहीतर पुढच्या पिढ्या दारच ऐकत बसतील.”

साहेब हसले. मीही हसले. शिलाई मशीनचं तेल घरून आणून घातलं. दार कसं अलगद फिरतं आता.

८ मार्च
शीळ नाही.

११ मार्च
दाण्याला चोच लावत नाहीत. डॉक्टरांनी घसा पाहिला, पंख उलटून पाहिले. “दुखणं काही नाही. वय झालं.” हेडफोन रेकॉर्डिंगचं मशीन मांडीवर घेऊन नुसता बसून.

धाकट्या बहिणीचा फोन. “पाखरानं सोडलं म्हणून तूही जेवण सोडलंस? कमाल आहे बाई तुझी!”

मी समोर जाते, बोलते. आजोबा माझ्या पलीकडे बघतात. दाराकडे.

१२ मार्च
दाराकडे!

भांडी घासता घासता हात थांबला. मला बघून ते कधी शीळ घालतच नव्हते. बिजागरी कुरकुरायची — आजीसारखीच, घोगरी, लांबलचक — आणि ते तिला ओ द्यायचे. आजी गेल्यावरही रोज सकाळी ती त्यांना हाक मारत होती. मी तिचा आवाज बंद केला. माझ्या हातानं!

खरं लिहू? आधी वाईट वाटलं ते स्वतःचंच. मग त्यांचं.

१३ मार्च
साबण, सोडा, तारेची घासणी. बोटं सोलली. शेवटी मिठाचं पाणी ओतलं. साहेब म्हणाले, “अहो, गंज चढवायचा पगार देतो का आपण?” कारण सांगितलं, तेव्हा दाराकडे एकदा बघून निघून गेले. हेडफोनला सांगायचा धीर होत नाही. बिचारा रोज मशीन पुसून ठेवतो.

१६ मार्च
दार गप्प. आजोबा गप्प. माझ्या तळहातावरून जेमतेम एक दाणा घेतला.

१९ मार्च
हेडफोन मशीन चालू करून माझ्या मागे उभा. कडीला मी अजून हातही लावला नव्हता, आणि बिजागरी कुरकुरली. घोगरी, लांबलचक. आतून. फांदीवरून! आजोबांची मान ताठ, चोच उघडी.

मागे हेडफोननं कपाळावर हात मारला. “ताई, परत सुरू झालं बघा! तेल घाला हो जरा.”