सुनेची सही

९ जाने.
आज दुपारी पंचायतीत सरपंचांची सही झाली, तेव्हा सरपंच माझ्यासमोर बसून मेथी निवडत होत्या. म्हणजे माझी सून, रेखा. पंचायतीतल्या कॉम्प्युटर ऑपरेटरचा फोन: "काकू, संतोषदादाचा फोन लागंना. वहिनीची सही झाली म्हणून सांगा." हे कुठेतरी लिहिणं भाग आहे.
जागा बायकांसाठी राखीव. डिजिटल सहीचं डोंगल संतोषच्या खिशात, सही करायची तेव्हा तो ते ऑपरेटरकडे देतो. माझाच मुलगा.

१० जाने.
सही कशावर? नालीच्या बिलावर. नाली खोदलेलीच नाही. ठेकेदार संतोषचा दोस्त. ग्रामसेवकाची सही बाकी, तोवरच थांबवता येईल.
संतोषला विचारलं, चौकशी लागली तर कोण जाईल, रेखाच ना? "तिला काय समजायलंय, आई. मी हाय ना."
बारावी सायन्स आहे ती.

१५ जाने.
हळदीकुंकू. शेजारची गयाबाई वाण घेताना म्हणाली, "सरपंचबाई, तुमची सही लय हिंडती अन् तुमी घरात!" सगळ्या हसल्या. रेखाही. जरा उशिरा.

१७ जाने.
संतोष अंघोळीला गेला, तेव्हा शर्टातून डोंगल काढलं. पंचायतीच्या किल्ल्या, शिक्काही. माझ्या कपाटात. जेवताना सांगून टाकलं, यापुढे प्रत्येक बिल आधी मला दाखवायचं. संतोष ताटावरून उठला.
भांडी घासताना रेखा: "त्यांच्या खिशातून तुमच्या कपाटात आलं. माझ्याकडं कवा येणार, आई?"
"तुला झेपेल का?"
तिने तवा आपटला.

१८ जाने.
दिवसभर कशात लक्ष नाही. तिने विचारलं त्यात चूक काय? पण पोरगी अजून...
संतोष घरात बोलत नाही.

१९ जाने.
सकाळी कपाट उघडलं. रेखा साडी बदलून तयारच. ग्रामसेवकाकडे बिल थांबवायचा अर्ज देणार. डोंगलचा पासवर्ड मिळाला नाही तर तालुक्याला, पूर्णेला जाऊन नवी डिजिटल सही काढणार.
संतोष दारात गाडी चालू करून. "बस. सोडतो."
"पायी जाते."
गेली. तो मागून, गाडी हळू.

रेखाच्या हाती दिलं: डोंगल एक, टोपणासह. शिक्का एक. किल्ल्या दोन. पासवर्ड नाही. संतोष म्हणतो, विसरला.