डोक्यातला काटा

ता. ४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की मामाच्या अख्ख्या गल्लीला आपल्या घरच्या बातम्या कळतात. तेव्हा पत्रच बरं. पार्सलं पोचवायची नोकरी जमली आहे. मामाने माळ्यावरची खोली दिली आहे. छान आहे, फक्त उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून मी खोलीत शक्यतो बसूनच असतो.

पेट्रोल पुन्हा वाढलं. कंपनी पार्सलमागे जे देते ते काही वाढत नाही, आणि मोटारसायकलीत पेट्रोल आपलं आपण घालायचं. काल पंपावर एक माणूस भावाची पाटी बदलायला शिडीवर चढला होता. रांगेतले सगळे त्याच्याकडे असे बघत होते की बिचारा खाली उतरायलाच तयार होईना.

आणि इथे आमचे मामासाहेब! त्याची ती चारचाकी गाडी माझ्याहून वयाने मोठी. पेट्रोलचा काटा कधीच मेलाय, पण दुरुस्त करत नाही. म्हणतो, काटा माझ्या डोक्यात आहे. किती भरलं, किती चाललो, सगळं तोंडपाठ. बरं, रोज सकाळी घड्याळांचं दुकान उघडण्याआधी गाडी नुसती चालू करून दारात उभी ठेवतो, कुठेही जायचं नसताना! आणि उपदेश मला. सिग्नलला इंजिन बंद कर, चाकात हवा पुरी ठेव, लांब लाल दिवा दिसला की आधीच हात सैल सोड. म्हणतो, तू पेट्रोल जाण्यासाठी नाही, आवाज काढण्यासाठी जाळतोस, उगाच का तुझं नाव भोपू ठेवलं.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो पेट्रोलच्या भावासारखा वाढत राहो.

तुझा,
भोपू


ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाच्याने तुझी चुगली केली आहे. म्हणे सगळं जग थेंबाथेंबाला महाग झालंय आणि तू रोज सकाळी गाडी उभ्याउभ्या पेटवून धूर काढतोस. अरे दादा, हौसेला काही मोल? लहानपणी एक पेन्सिल बोटात धरता येईना इतकी झिजेपर्यंत वापरणारा तू!

आणि तो काटा दुरुस्त करून घे. जगाची घड्याळं नीट करतोस, स्वतःच्या गाडीतलं एवढंसं काम होत नाही? डोक्यातल्या काट्यावर किती दिवस भिस्त ठेवणार? साठी उलटून गेली तुझी. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तेव्हा आमच्यासारख्यांचं ऐकत जा जरा.

वहिनीचा दमा कसा आहे? भोपूला धाकात ठेव. मायेने ओथंबलेले चार शब्द तूही कधी लिही.

तुझी,
ठमी


ता. २५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोर उघडलं आणि एकटाच हसलो. त्याला वाटलं, मी त्याच्या घड्याळाला हसतोय.

धूर काढतो हे खरं आहे. पण तुझ्या वहिनीचा दमा वेळ सांगून येत नाही. मागच्या हिवाळ्यात तिला धाप लागली तेव्हा इंजिन गारठलं होतं, काही केल्या चालू होईना. त्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा घसा साफ करून ठेवतो. हे भोपूला सांगू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि तिला कळलं तर माझ्यापायी पेट्रोल जळतं म्हणून ती धाप लपवायला लागेल.

पोरगं मात्र गुणी आहे हो तुझं. मी म्हटलं, पेट्रोलला थोडा हातभार लावतो, तर मान ताठ करून म्हणाला की मामा, डोक्यावर छप्पर दिलंस तेवढं पुष्कळ झालं. मला भरून आलं. आल्यागेल्याला सांगत सुटलोय.

डोक्यातल्या काट्याची चिंता नको. झोपेतून उठवून विचार टाकीत किती आहे ते.

सर्वांना आशीर्वाद. थट्टा करण्याइतकं प्रेम असंच राहू दे.

तुझा,
दादा


ता. २ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगतो, घाबरू नकोस, तुझी वहिनी सुखरूप आहे. आता पुढचं वाच.

मंगळवारी दुपारी तिला धाप लागली, तोंडात मारायच्या फवाऱ्यानेही उतरेना. गाडी एका फटक्यात चालू झाली. दवाखान्याच्या वाटेवर पुलाच्या मधोमध दोन आचके दिले आणि बंद. मी उतरून इंजिन उघडलं, तारा चाचपल्या. पेट्रोलचा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही, कारण माझ्या हिशेबाने निम्मी टाकी भरलेली होती. आत ती खिडकीची काच नखांनी खरवडत होती आणि मी बाहेर तारा पुसत होतो. शेवटी बेकरीची गाडी थांबली. त्या ड्रायव्हरने आमची गाडी हलवून कान लावला आणि म्हणाला की आजोबा, टाकी कोरडी ठणठणीत आहे. पावाच्या ट्रेंच्या मधे जागा करून त्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

पुलावर लोक जमले होते. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला पेट्रोल भरायची शुद्ध नाही आणि आजारी बाईला घेऊन निघालाय. ठमे, मला मान वर करता आली नाही. त्यांचं काय चुकलं? तू लिहिलं होतंस साठीचं, ते खरं झालं. चूक कोणाचीही होते. पण मला खात्री होती गं, पक्की खात्री, आणि टाकी रिकामी होती. मग आता माझ्या डोक्यातल्या कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवू?

गाडीची किल्ली खिळ्याला लावली आहे. दाराची कडी दोनदा बघतो, तिने गोळी घेतली का ते तीनदा विचारतो. परवा एकाचं घड्याळ उघडलं आणि हात चालेना. दुसऱ्या दुकानाचा पत्ता देऊन त्याला परत पाठवलं. दुकान बहुधा बंदच करीन.

भोपू दवाखान्यात धावत आला आणि मामीच्या पायाशी बसून इतका रडला की नर्सने पाणी आणलं ते तिला नाही, त्याला दिलं. असा भाचा मिळायला नशीब लागतं.

जमेल तेव्हा लिहीत जा. तुझ्या दोन ओळींचाही आधार आहे.

तुझा,
दादा


ता. १० मे

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

दादाचं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. जिभेला हाड नसतं हेच खरं. मी आपली थट्टेत साठीचं लिहिलं आणि ते त्याच्या मनात जाऊन बसलं. तू त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तो एकटा जायचा नाही.

आता एक विचारते. फेब्रुवारीत तू पेट्रोलच्या नावाने बोटं मोडत होतास. मार्चच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही, एप्रिलमध्येही नाही. भाव तर त्याच दिवसांत सगळ्यात जास्त चढला, आमच्याकडे टॅक्सीवाल्यांनी संप केला. कंपनीने पगार वाढवला म्हणावं, तर तू भोंगा वाजवून सांगितलं असतंस. आणि तुझ्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतो, तो सोसत नाही, असं मामीने एकदा सहज लिहिलं होतं.

मी आई आहे, पोलीस नाही. पण सरळ उत्तर दे. माझ्या शंकेबद्दल उलट माझ्यावर रागावलास तर मला बरंच वाटेल.

तुझी,
आई


ता. १८ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावायला तोंड नाही. पेट्रोल मीच काढत होतो.

मामाने पेट्रोलला मदत करतो म्हटलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात नको म्हणालो. आठवडाभरात भाव पुन्हा चढला आणि मला पार्सलं अर्ध्यावर टाकून मोटारसायकल ढकलत आणावी लागली. पुन्हा मागायला लाज वाटली. आई, मागायची लाज वाटली आणि चोरायची नाही! मामा दुकानात गेला की त्याच्या गाडीच्या टाकीत रबरी नळी घालायची, तोंडाने ओढायची, बाटली भरायची. पगार झाला की परत ओतू, असं ठरवलं होतं. पगार झाला की भाव आणखी वर गेलेला असायचा. आणि मनाला सांगायचो की हा तर रोज सकाळी असंच जाळतो, त्यातलंच घेतलं तर काय बिघडलं. काटा मेलेला होता, कळणार कोणाला? मी सिग्नलला त्याच पेट्रोलवर गुरगुर करत उभा राहायचो.

त्या दिवशी दवाखान्यात मी रडलो ते तुला कळवलं असेलच. मामाने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

परवा डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं, अमुक वेळ दाखवा म्हणाले. मामाने गोल काढला, आकडे घातले आणि काटे काढायच्या आधी थांबला. मग काढले, आणि कागद माझ्याकडे सरकवून हळूच विचारलं की बरोबर आहे का रे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मला विचारत होता! मी म्हणालो, बरोबर आहे. तेवढंच म्हणालो. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. मामाचा विश्वास बसला नाही. वाटेत म्हणाला की डॉक्टर चांगला माणूस आहे, मन राखायला बोलतो. खरं काय ते कितीदा ओठांवर आलं आणि तितक्यांदा गिळलं. पेट्रोलची चव अजून जिभेवरून जात नाही.

तूच त्याला लिहून सांग. माझ्याच्याने होणार नाही. जमलं तर मला आपलं म्हण.

भोपू


ता. २४ मे

चि. भोपूस,

आशीर्वाद या वेळी शेवटी लिहीन.

मी दादाला काही लिहिणार नाही. ज्या तोंडाने नळी ओढलीस त्याच तोंडाने सांग, आणि मामीसमोर सांग. काटा मेलेला होता म्हणून कळणार नाही, असं तुला वाटलं. तो काटा मेलेला नव्हता रे, तो त्याच्या डोक्यात चालू होता, तू तो मारलास.

सकाळी गाडी का चालू ठेवायचा ते त्याने मला कळवलं होतं. कोणाला सांगू नको म्हणाला होता, पण आता सांगते. मामीला धाप लागली तर इंजिन गार पडलेलं नको म्हणून. तू आणि मी त्यावर हसलो. तू तर तेवढ्यावर चोरीचा जमाखर्च जुळवलास. मला तुझी लाज वाटते, आणि मीही त्याला साठीचं लिहिलं याची वाटते.

तो दुकान बंद करायच्या आत सांग. सांगितलंस की आशीर्वाद आहेच. नाही सांगितलंस तरी पोटचा आहेस, तुला टाकून कुठे जाऊ.

तुझी,
आई


ता. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भोपूने सांगितलं. सकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो, तो माळ्यावरून खाली आला आणि उभ्यानेच बोलायला लागला. बस म्हटलं तर बसेना. तुझी वहिनी कप धरून तशीच राहिली.

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? विचारलं, किती बाटल्या? त्याला आठवेना. मग मी डोळे मिटले आणि शेवटचं पेट्रोल भरल्यापासूनचा सगळा हिशेब मनात मांडला, दवाखान्याच्या फेऱ्या, सकाळचं उभ्याउभ्या जळणारं, सगळं. आणि त्याला सांगितलं, तू इतक्या काढल्यास. तो आकडा ऐकून तो खालीच बसला, कारण तेवढ्याच असणार हे त्याला पटलं. ठमे, तुला म्हणून सांगतो, मला आनंद झाला. बायको मरणाच्या दारातून परत आली, सख्ख्या भाच्याने चोरी केली, आणि मी मनात नाचत होतो की माझं डोकं शाबूत आहे. मग तिच्याकडे लक्ष गेलं. ती रडत होती. लाज वाटली मला.

राग मागाहून आला, आणि चांगलाच आला. चार दिवस मी त्याच्याशी चकार शब्द बोललो नाही. तो सामान बांधून निघाला होता, तर तुझ्या वहिनीने अडवलं. म्हणाली, आता जाऊन तोंड लपवणं सोपं आहे, इथे राहून रोज आमच्यासमोर जेवायला बस. या बाईपुढे माझं काही चालत नाही.

दुकान उघडलं आहे. परत पाठवलेलं गिऱ्हाईकही आलं. भोपू हल्ली सिग्नलला इंजिन बंद करून उभा राहतो, मी स्वतः पाहिलं. पगारातून त्याने गाडीला नवा काटा बसवून आणला. मी नको म्हणत होतो, पण तुझी वहिनी म्हणाली, बसवू द्या त्याला.

आता जे लिहितो ते त्याला कळवू नकोस. पूर्वी गाडीत बसलो की मी आधी आरशात बघायचो, ती मागे नीट बसली का ते. आता आधी काटा बघतो. काल सकाळी डोक्यात जेवढं होतं तेवढंच काटा दाखवत होता. तरी मी खाली उतरलो, टाकीचं झाकण उघडलं आणि वाकून आत बघितलं. मान वर केली तर माळ्याच्या खिडकीत भोपू उभा. त्याने सगळं पाहिलं होतं. मीच चोरी करताना सापडल्यासारखा झाकण लावून आत आलो.

पेट्रोल भरता येतं गं. हे कसं भरून येणार, ते मला अजून कळत नाही.

तुम्हा सर्वांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ तू कमी करणार नाहीस हे ठाऊक आहे. त्याच्यावरचाही आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा