राणीचा मुकुट उतरत नाही

प्रिय ताई,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही गेला. आईचा गुडघा कसा आहे? जिना चढते का?

चार महिन्यांपूर्वी आमच्या नाटकात राणीचं काम करणारी लग्न होऊन गेली. पाच वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग करून मला तिचं सगळं काम पाठ. मॅनेजर म्हणाले, "एवढा एक प्रयोग निभावून ने." मी नेला, तिथेच चुकलं. तेव्हापासून मुकुट डोक्यावरच आहे.

हे जुनं नाटक आम्ही वस्त्यावस्त्यांत फुकट करतो, कधी शाळेच्या पटांगणात, कधी गोदामात. रजा मागितली की मॅनेजर म्हणतात, "तिकीट असतं तर पैसे परत केले असते. फुकट येणाऱ्यांना काय परत करू?" कपाळ माझं!

तिसऱ्या अंकात राणीला बेड्या पडतात. काल प्रयोगानंतर एका आजींनी माझी मनगटं चाचपली आणि विचारलं, "सुटलीस ना गं बाई?"

मी हो म्हटलं.

आई विचारेल, धाकटी कधी येतेय? तेव्हा अडखळू नकोस. "लवकरच" म्हण. तुझं वाक्य मी इथून सांगतेय.

तुझीच,
धाकटी