चेल्युस्किनजवळचा ठिपका

उम्म अल हस्सम, सप्टेंबर

दत्तप्रसाद,

जहाजावर आलेली मेल आधी कॅप्टन वाचतो, म्हणून तुला एवढंच कळवलं, "इकडे सगळं ठीक, ऊन फार." हे मात्र पाठवणार नाही.

चेल्युस्किन भूशिरापाशी आशियाची जमीन संपते आणि तिथून फोन लागत नाही, हे तू सांगून गेलास. बाकीचं मी वाचलं. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी प्रोंचिश्चेव नावाचा कप्तान त्या टोकाच्या जवळ गेला आणि बर्फामुळे मागे फिरला. बायको जहाजावरच होती. परतताना तो वारला, काही दिवसांत तीही. पुढे त्याच्याच मोहिमेतला चेल्युस्किन, ज्याचं नाव त्या टोकाला पडलं, तिथे पोचला तो कुत्र्यांच्या गाडीने.

मला त्या बाईचा हेवा वाटला. तिला निदान समोरचा बर्फ दिसत होता. मला फोनवरच्या नकाशात फक्त तुमच्या जहाजाचा ठिपका दिसतो.

परवापासून तो भूशिराशी थांबला होता. आज संध्याकाळी कस्तुरी ओरडली, "आई, लुक! बाबाज शिप इज मूव्हिंग!" तिने देवापुढे साखर ठेवली. मीही हसले.

ठिपका फार हळू सरकतोय, आणि पुढे नाही, उत्तरेला. बर्फात अडकलेलं जहाज इंजिन बंद असतानाही बर्फाबरोबर वाहत जातं, हे मला तूच सांगितलं होतंस.

कस्तुरीने विचारलं, बाबा उद्या फोन करणार ना?

"इंशाल्ला," मी म्हटलं. सीफच्या मॉलला न्यायचं टाळताना मी तिला हेच म्हणते.

"दॅट मीन्स नो," ती म्हणाली.

वाट पाहणारी,
नीला